हाक आत पोहोचत असेल तर



आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारचे नोकर, डॉक्टर नव्हे. तरी मल्हारगंजच्या या मंडपात हा विषय मुद्दाम घेतला आहे. आयसीयूच्या दाराशी रात्री काढल्या नाहीत, असे घर आपल्यात क्वचितच असेल. तिथे प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न असतो : "आपण बोलतो ते यांना कळतंय का?"

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आपल्या स्मरणात आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला जबर इजा झाली. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर तिथल्या परिचारिकांनीच त्यांना सांभाळले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टर त्यांच्या तपासणीला पाठवले. जेवणातली नावड त्या आवाजाने, चेहऱ्याने दाखवतात, असे सेवा करणाऱ्यांचे म्हणणे होते. पण ज्याचा चेहराही हलत नाही, त्याला विचारायचे कसे?

२००६ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी वाट दाखवली. एमआरआय यंत्रात निपचित पडलेल्या एका तरुणीला त्यांनी टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितले. तिच्या मेंदूने धडधाकट माणसासारखीच साथ दिली.

आता हे काम खाटेपाशीही होऊ शकते. डोक्यावर ईईजीची टोपी घालतात आणि कानात सांगतात, "उजवी मूठ उघड-मीट करा," मग "थांबा." असे पुष्कळदा. हात हलत नाही. पण दोन्ही सूचनांच्या वेळी मेंदूच्या विद्युत लहरी वेगळ्या आहेत का, हे संगणक ताडून पाहतो. फरक पुन्हा पुन्हा दिसला, तर आत कोणीतरी ऐकते आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने ईईजी किंवा एमआरआयवर असे उत्तर दिले. म्हणजे चारांत एक! मात्र उलट बाजूही ऐका. सूचना उघडपणे पाळणाऱ्या ११२ जणांपैकी ४३ जणांचेच उत्तर यंत्राला सापडले. म्हणून यंत्र गप्प राहिले, तर "आत कोणी नाही" असे समजू नये.

इंदूरकरांना ग्रीन कॉरिडॉर ठाऊक आहे. तो ब्रेन डेथनंतरच्या अवयवदानासाठी असतो. ब्रेन डेथ हा कायद्याने मृत्यूच. त्याची आणि या अवस्थेची गल्लत करू नये.

ही तपासणी अजून सर्रास होत नाही. पण दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. आजीला मराठीच कळत असेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे; सूचना तिच्या भाषेत गेली पाहिजे. आणि उशाशी उभे राहून बिलाचा, वाटणीचा विषय काढू नये. नावाने हाक मारावी, नातवंडांचे सांगावे. ऐकू जात नसेल तर आपले काही जात नाही. जात असेल तर त्या माणसाला तेवढाच आधार आहे.

गणपती बाप्पा मोरया!