माळ रिकामा नसतो

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला पर्यावरणावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा थोडी झाली, बाकीचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्च्यात झाले, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. पण हा विषय या महिन्यात आपल्याच दारात आला आहे, म्हणून उभे राहिलो.

आपल्या तरुण मंडळाने वर्धापन दिनानिमित्त एक हजार झाडे लावायचे ठरवले आहे. रोपे एक कंपनी फुकट देणार, टँकरही तीच देणार, फोटोही तीच काढणार. जागा म्हणून जवळच्या एका गावचे गायरान दाखवले आहे. कागदावर लिहिले आहे, ‘रिकामी पडीक जमीन’. पोरांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल आमच्या मनात शंका नाही. सोलापूरचा एप्रिल-मे काढलेला माणूस झाडाच्या विरोधात बोलेलच कसा? आमचे बोट आहे ते त्या ‘रिकामी’ शब्दावर.

आपल्यापैकी कित्येक घरांची मुळे बार्शी, मोहोळ, करमाळा, नाहीतर तिकडे तुळजापूर, उमरगा भागात आहेत. गावी गेल्यावर गायरानावर काय दिसते ते आठवा. म्हाताऱ्या आईच्या दोन शेळ्या तिथे चरतात. बाया सरपण तिथूनच आणतात, शेण गोळा करून गोवऱ्या थापतात. धनगरांचा वाडा दरसाल तिथेच उतरतो. एखाद्या कडेला आपल्याच कुणा भावकीने दगड वेचून, काटे काढून दोन एकर तूर-बाजरी उभी केलेली असते. आणि पुष्कळ गावांत आपली स्मशानभूमीही त्याच बाजूला. सातबाऱ्यावर नाव सरकारचे, म्हणून साहेबाला ती जमीन रिकामी दिसते. इंग्रजांच्या काळापासून ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, असाच हिशेब चालत आला आहे.

त्या दोन एकरांचा इतिहास नव्या पिढीला सांगितला पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964-65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो माणसे, बायका लेकरांसह तुरुंगात गेली. मागणी काय, तर पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. पुढे चळवळीच्या रेट्याने शासनाने 1991 मध्ये निर्णय काढला आणि भूमिहीन मागासवर्गीयांनी 14 एप्रिल 1990 पर्यंत कसलेल्या गायरानांची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. तारीख कोणती धरली ते तुमच्या लक्षात आलेच असेल. पण निर्णय झाला म्हणजे सातबारा झाला असे नाही. कित्येक घरे आजही नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा, असे सर्व राज्यांना सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनींना अपवाद म्हणून जागा ठेवलेली आहे. नोटीस काढणारा साहेब निकालाचा पहिला भाग वाचून दाखवतो, दुसरा वाचत नाही. 2022 मध्ये हा विषय मुंबई उच्च न्यायालयात आला, तेव्हाही गावोगावी नोटिसा लागल्या आणि लोकांची झोप उडाली.

अशा जमिनीवर झाडे लावायला कुणी आले तर काय होते? खड्डे पडतात, कुंपण होते, बोर्ड लागतो. अतिक्रमण हटवायला पोलीस लागतात, गाजावाजा होतो. वृक्षारोपणाला काहीच लागत नाही. उलट जो अडवेल तोच पर्यावरणाचा शत्रू ठरतो. महाराष्ट्रात 2016 साली 1 जुलैला एका दिवसात 2 कोटी रोपे लावण्याचा कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षी लक्ष्य 4 कोटी, मग 13 कोटी, आणि 2019 साली 33 कोटी. आकडा वरून खाली आला, जिल्ह्याला वाटला गेला. आता एवढ्या रोपांना जागा कुठे? बागायतदाराच्या उसात तर कुणी खड्डा घेणार नाही. सौर कृषी वाहिनी योजनेतही आता पॅनेलसाठी सरकारी आणि गायरान जमिनीच पाहतात. वीज आपल्याला हवीच आहे, पण जागा शोधताना साहेबाची नजर दरवेळी त्याच माळावर का जाते?

बरं, झाडे तरी कोणती? एके काळी सगळीकडे नीलगिरी, मग सुबाभूळ, मग ग्लिरिसिडिया. ग्लिरिसिडियाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रोपे जगतात आणि कागदावर टक्केवारी चांगली दिसते. म्हणजे जे झाड आमच्या शेळीच्या उपयोगाचे नाही, तेच योजनेच्या उपयोगाचे! झाडाचा यात दोष नाही. तोच पाला बांधावर वाढवून शेतात गाडला तर उत्तम खत होते. गुजरातेत कच्छच्या बन्नी भागात 1960 नंतर खारट वाळवंट थोपवण्यासाठी वनखात्याने विलायती बाभूळ पेरली. ती गवताच्या कुरणावर अशी पसरली की पिढ्यानपिढ्या म्हशी-गुरे पाळणाऱ्या मालधारी लोकांचे कुरणच गेले. तिकडचे लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, आपण वेडी बाभूळ म्हणतो.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. नान्नजला 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. हा पक्षी मोठा, पण घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडे घालतो. त्याला लांबवर नजर जाईल असा गवताचा माळ लागतो. अभयारण्याची हद्द आखली ती सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरची. त्यात गावे आली, लोकांची शेते आली. जमिनीचे व्यवहार अडकले, लोकांचा पक्ष्यावरच राग झाला. पुष्कळ वर्षांनी ती हद्द 1222 चौरस किलोमीटरवर आणली. आणि दुसरीकडे माळ म्हणजे पडीक असे धरून गवताच्या माळांवर झाडे लावणेही चालूच होते. झाडी वाढली की माळढोकाला जागा उरत नाही, कारण झाडीत शत्रू लपतो. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. माणसाचेही गेले, पाखराचेही गेले. जो मेंढपाळ त्या माळावर पिढ्यानपिढ्या मेंढरे चारत होता, त्याला विचारले असते तर त्याने कुठे गवत राखायचे आणि कुठे झाड लावायचे ते सांगितले असते.

आम्ही गिरणीत राहिलो म्हणून गिरणीतलेच उदाहरण देतो. सूत काढताना रोलरमधले अंतर कापसाच्या तंतूच्या लांबीप्रमाणे ठेवावे लागते. अंतर कमी पडले तर लांब तंतू तुटतो, जास्त झाले तर धागा कुठे जाड कुठे बारीक येतो. मिक्सिंग बदलले की सेटिंग बदलायचे, हे नव्या पोरालाही पहिल्या महिन्यात कळते. मंत्रालयातून एकच सेटिंग सगळ्या गावांना पाठवणाऱ्यांना ते कसे कळत नाही?

कुणी म्हणेल, राळेगणसिद्धी बघा, हिवरे बाजार बघा. बघितलेच पाहिजे. पाणी अडवले, गवत वाढले, विहिरींना पाणी आले, हे खरे आहे. पण ते ग्रामसभेत बसून, आपला पाऊस आणि आपला डोंगर ओळखून केलेले काम आहे. पुढे त्याची पंचसूत्री झाली: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. 1992 साली आदर्श गाव योजना आली आणि ही सूत्रे दुसऱ्या गावांपुढेही ठेवली गेली. आता चराईबंदीचा विचार करा. ज्याची दहा एकर जमीन आहे त्याच्याकडे कडबा आहे, बांधाचे गवत आहे, त्याची म्हैस दावणीला बसून खाते. ज्या विधवा बाईकडे दोन शेळ्या आणि शून्य जमीन आहे, तिच्यासाठी चराईबंदी म्हणजे शेळ्या बाजारात नेणे. कुऱ्हाडबंदीचेही तसेच, गॅस सिलिंडर भरायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला काय फरक पडतो? नियम सगळ्यांना सारखा, ओझे मात्र एकाच बाजूला. ग्रामसभेत त्या बाईला बोलू दिले असते तर कदाचित निम्मा माळ राखायचा, निम्मा चरायचा आणि दोन वर्षांनी अदलाबदल करायची, असा काही तोडगा निघाला असता. शेळ्या पाळणाऱ्या माणसाला गवताची काळजी नसते, हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावली, आमराया लावल्या, ती वाटसरूला आणि जनावराला सावली मिळावी म्हणून. औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्या. कुणाला काय हवे हे आधी, झाड नंतर. आपल्या विहारातला पिंपळसुद्धा भिंतीला लागून लावू दिला नाही, कोपऱ्यात लावला, नाहीतर आज भिंत उरली नसती.

म्हणून तरुण मंडळाला आमचे सांगणे असे. कार्यक्रम रद्द करू नका, पुढे ढकला. रविवारी चार जण त्या गावी जा, आम्हीही येतो. सरपंचाकडे नंतर, आधी आपल्या वस्तीत आणि धनगरवाड्यावर बसायचे. त्या गायरानावर अकरा घरे कसतात असे आम्ही ऐकले आहे. त्यांना विचारायचे की झाडे हवीत का, कोणती, कुठे. त्यांनी बांधावर लिंब, बोर, शेवगा मागितला तर तो द्यायचा. ओढ्याकाठी मागितला तर तिथे. स्मशानभूमीत सावली मागितली तर आधी तिथे. नको म्हणाले तर रोपे परत. कंपनीला फोटो मिळाला नाही तर काही बिघडत नाही.

आणि दुसरे काम अधिक महत्त्वाचे. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, त्यात अतिक्रमणांची नोंद असते. त्याची नक्कल मागायची. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या आई-वडिलांनी 1990 पूर्वी गायरान कसले आहे, त्यांनी घरातल्या ट्रंका उघडून दंडाच्या जुन्या पावत्या शोधा. त्या काळी दंड भरताना शरम वाटायची, आज तीच पावती जमीन कोण कसत होते याचा पुरावा आहे. पावत्या घेऊन पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात थांबा. झेरॉक्सचा खर्च समिती करील, असे अध्यक्षांनी आताच कबूल केले आहे.

जय भीम.