बैल विकण्यापूर्वी एवढे ऐका
(चोपडे तालुक्यातील शेतकरी व कारागीर बांधवांच्या सभेत केलेले भाषण)



जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कोर्टकचेरीत अडाणी कुणबी कसा नागवला जातो, हे त्यांनी त्यात उघडे करून दाखविले. पुढे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी आपल्या धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. पण तसला वकील प्रत्येक कुणब्याच्या, कोळ्याच्या, भिल्लाच्या वाट्यास कोठून येणार? आजही पोरगा पोलिसांनी धरला की बाप आधी बैलबाजाराची वाट धरतो.

ती वाट धरू नका, एवढे सांगण्यास आम्ही आलो आहोत. आम्ही लोकअभिरक्षक. सरकारी वकील निराळा. तो शिक्षा मागतो. आम्ही आरोपीतर्फे उभे राहतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने गरिबास मोफत वकिलाचा हक्क दिला, आणि २०२२ साली निघालेल्या योजनेत आम्ही फक्त हेच काम करावयाचे, खाजगी वकिली करावयाची नाही, असे ठरले. मानधन आम्हांस विधी सेवा प्राधिकरण देते. आमच्या नावाने कोणी पाच रुपये मागितले तरी तो भामटा समजावा.

“फुकटना वकील काय कामना?” असे लोक आम्हांस तोंडावर म्हणतात. राग येत नाही. आमच्याकडे खटले फार, वेळ थोडा, हे खरेच आहे. रिमांडच्या दिवशी कोर्टाच्या ओटीवर, शिपायाच्या देखत, पाच मिनिटे मिळतात. तेवढ्यात विचारावयाचे: किती वाजता धरले? घरी कळविले काय? मार बसला काय? चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेलेच पाहिजे, म्हणून ती वेळ आम्हांस लाखमोलाची. सातपुड्यातला पावरा तर मराठी ऐकून नुसती मान हालवितो. त्याची मान म्हणजे कबुली नव्हे, हे कोर्टास सांगावे लागते. मग तुरुंगाची फेरी. तेथे पुष्कळदा जामीन मंजूर झालेला माणूस बसलेला आढळतो. कारण सातबारा घेऊन जामीन राहणारा कोणी नाही! जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर जातमुचलक्यावर सोडावे असा कायदा आहे. तो कोणी त्याच्या कानी घातलेला नसतो. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, तोही तारीख मोजून ज्याने मागितला त्यालाच.

कोर्टाबाहेरचा दलाल सांगतो, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” पोरगा मोकळा होतो खरा, पण पुढे गावात चोरी झाली की पहिले त्याचेच दार वाजते.

“मग तुम्ही चोरांचा कैवार घेता काय?” चोर कोण हे ठरावयाचे असते, तेथेच आम्ही उभे असतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून सबंध जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरविल्या होत्या. त्याचे चटके पारध्यांस विचारा.

कोठडीतल्या माणसास उत्पन्नाची अट नाही, स्त्रियांस नाही, अनुसूचित जाती-जमातींस नाही. पहिल्याच दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे म्हणावे, “मला वकील पाहिजे.” घरच्यांनी १५१०० या नंबरावर फोन करावा, नाहीतर जळगाव-धुळ्याच्या जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कचेरीत जावे.

सभा उठल्यावर आम्ही पारावर बसणार आहोत. ज्यांचे माणूस आत असेल, त्यांनी पोलीस ठाण्याचे नाव आणि गुन्ह्याचा नंबर घेऊन यावे. नंबर नसला तरी यावे.