मधुमेहाची सुरुवात कुठे होते?



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे औषधांबद्दल बोलणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काही शोधनिबंध तारखेच्या क्रमाने लावले तर काय दिसतं, एवढंच सांगतो. सुटा निबंध वाचला तर तो डॉक्टरांसाठीच लिहिलाय असं वाटतं. ओळीने वाचले, की विषय आपल्या घरातल्या जेवणापर्यंत येतो.

मधुमेह म्हटलं की आपल्याला साठीतले, पोट सुटलेले अब्बा आठवतात. ‘गोड फार खाल्लं’ किंवा ‘नसीब’ म्हणून आपण मोकळे होतो. पण म्हातारपणीचे आजार आईच्या पोटातच मूळ धरू शकतात, हा विचार इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडला. त्याला एक दुःखद पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. तिथे १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली होती. त्या काळात जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांची वयाच्या पन्नाशीच्या आसपास तपासणी झाली. त्यांच्यात ग्लुकोज प्यायल्यानंतरची साखर इतरांपेक्षा जास्त निघाली.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न आपल्या मातीत विचारला. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याआधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. २००१च्या निबंधात दिसलं, की ज्या आया पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जन्मावेळी मोठी होती. २००३च्या निबंधात तुलना आली: इथल्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. आपलं बाळ लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे दिसायला बारीक, आतून मेदाळ.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल?’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने तो फोटो बघावा.

मग २००८चा निबंध. त्याच गावांतल्या आयांची मुलं तोवर सहा वर्षांची झाली होती. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. याचा अर्थ फोलिक ॲसिडची गोळी बंद करायची, असा मुळीच नाही. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच. सोबत बी-१२चं काय, हेही डॉक्टरांना विचारायचं, इतकंच.

आता कुणी म्हणेल, बी-१२ मटण, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं, आणि आपण तर मांसाहारी, आपल्याला काय चिंता? मग मी विचारतो, तुमच्या घरात बोटी कुणाच्या ताटात जाते आणि रस्सा कुणाच्या? बऱ्याच घरांत मटण आठवड्यातून एकदाच येतं. आधी पुरुष जेवतात, मग मुलगे, शेवटी अम्मी आणि मुली पातेलं पुसून घेतात. अंडं भावाला, कारण त्याला ‘ताकद’ हवी. ही गोष्ट ना कुराणात आहे, ना विज्ञानात. ती आपली सवय आहे.

यात आईला दोष देऊ नका. तिला काय मिळालं, हे तिने एकटीने ठरवलेलं नसतं. म्हणूनच २०१२ मध्ये त्या मुलांच्या पुढच्या पिढीसाठी प्रयोग सुरू झाला, तेव्हा बी-१२ गावातल्या मुलींसोबत मुलांनाही देण्यात आलं.

शेवटी तीन गोष्टी मागतो. एक, आज घरी जाऊन बहिणीच्या ताटात आधी वाढा. दोन, घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्याच भेटीत साखर तपासायला सांगा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, आकडा १४० किंवा जास्त आला तर उपचार लागतात. पहिल्या वेळी ठीक आलं तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायचं. तीन, रमजानमध्ये गरोदर बाईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहे. डॉक्टरांनी नको सांगितलं असताना केवळ सासरचे काय म्हणतील म्हणून ती रोजा धरत असेल, तर सासरच्यांशी बोलायचं काम तिच्यावर टाकू नका. ते तिच्या नवऱ्याने, दिराने, भावाने करायचं आहे. म्हणजे इथे बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी.