लॅपटॉप कुणाच्या मांडीवर?

(सामुदायिक रेडिओवरून बचत गटांसाठी झालेले भाषण)

मी पुसेगावातून बोलतेय. आपलं पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. पत्ता एवढा पूर्ण का सांगितला, ते पुढं कळेल.

आज हळद नाही, सोयाबीन नाही, पापड-लोणचंही नाही. आज बोलायचंय लॅपटॉपवर. इंग्रजीत लॅप म्हणजे मांडी. मांडीवर घेऊन काम करायचं यंत्र ते लॅपटॉप. मग पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न असा, की ते कुणाच्या मांडीवर बसणार? गटाच्या पैशातून येतं, गटाच्या नावानं येतं आणि महिनाभरात कुणाच्या तरी पोराच्या खोलीत जाऊन बसतं. हे कुठंही होतं. आमच्याकडंही झालं.

आमच्या गटानं आधी एक जुना लॅपटॉप घेतला होता. विकणारा म्हणाला, "ताई, आय फाइव्ह आहे, एकदम दणकट." आम्हाला आय फाइव्ह म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ऐकायला भारी वाटलं. घरी आणला, तर चालू व्हायला चहा उकळून निवेपर्यंत वेळ लागायचा. तो एका ताईच्या घरी ठेवला. तिथल्या मुलानं कुठूनतरी फुकटचा गेम उतरवला, त्यातून व्हायरस आला आणि आमचा हिशेब, हळदीच्या पाकिटाचं लेबल, सगळं गेलं. दुसरीकडं प्रत ठेवलेली नव्हती. त्या दिवशी सगळ्याजणी पोरावर चिडल्या. मी म्हटलं, पोराची चूक आहेच, पण आपण यंत्र घेतलं आणि नियम घेतले नाहीत, ही आपली चूक. नवा घेताना मग आम्ही आधी बैठक घेतली आणि नंतर दुकान गाठलं. त्यातून जे शिकलो ते सांगते.

बैठकीत प्रत्येकीला विचारलं, तुला याच्यावर काय करायचंय? एक म्हणाली, गटाचं रेकॉर्ड. दुसरी म्हणाली, हळदीच्या पाकिटाचं लेबल आणि ऑर्डरची यादी. तिसरी म्हणाली, योजनांचे अर्ज. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तरी आपण बाहेर पैसे मोजून करून घेतो. एकीची मुलगी शासनाच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेची तयारी करतेय, तिला सराव करायचा होता. आणि एक ताई हळूच म्हणाली, "मला पत्ते खेळायचेत. फोनवर अक्षर दिसत नाही." सगळ्या हसल्या. पण आम्ही तेही यादीत लिहिलं. त्याच्याकडं शेवटी येते.

अशी यादी हातात असली की दुकानदार आपल्याला भुलवू शकत नाही. आमच्या घरच्या पोरांनी सांगितलं होतं, "गेमिंग लॅपटॉप घ्या." तो काय असतो? मोठमोठ्या मारामारीच्या, गाड्यांच्या गेमसाठी त्यात चित्र काढणारा वेगळा भाग असतो, ग्राफिक्स कार्ड म्हणतात त्याला. तो वजनाला जड, किमतीला जास्त, पंखा घरघरणारा आणि बॅटरी भराभर खाणारा. पत्ते, लुडो, सुडोकू, बुद्धिबळ याला त्यातलं काहीच लागत नाही. लेबल आणि हिशेब यालाही नाही. वांगी आणायला ट्रक कशाला लागतो?

आता खोक्यावरचे आकडे. ते आपल्या स्वयंपाकघरासारखे समजून घ्या. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की एका वेळी दोनच भांडी मावतात, बाकीची खाली ठेवावी लागतात, काम रेंगाळतं. 4 जीबी रॅम म्हणजे फार लहान ओटा. 8 जीबी तरी हवीच. 16 परवडली तर चांगलं. काही लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, काहींत ती पक्की जोडलेली असते. हे विचारूनच घ्या.

स्टोरेज म्हणजे कोठी, जिथं सामान कायमचं राहतं. तिथं एसएसडी हाच शब्द बघा. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क संथ असते आणि धक्का लागला तर बिघडते. आमच्या पहिल्या लॅपटॉपला तीच होती. एसएसडी 256 जीबीची असली तरी हिशेब आणि कागदपत्रांना पुरते. फोटो, व्हिडिओ खूप असतील तर 512 घ्या.

प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. इथंच आम्ही फसलो. आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही नावं झाली, पण ते कोणत्या पिढीचं आहे हे बघावं लागतं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आय फाइव्हपेक्षा आत्ताचा आय थ्री चपळ असतो. रायझन नावाचे प्रोसेसरही चांगले असतात, तिथंही नवं-जुनं बघायचंच. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर हे गाठीला बांधून ठेवा. विंडोज 10 ला कंपनीची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर विंडोज 11 कंपनीच्या नियमानं बसत नाही. म्हणून असे जुने लॅपटॉप आता स्वस्तात बाजारात येतात. स्वस्त का आहे, ते कळलं ना? दुकानातच लॅपटॉप चालू करायला लावा. सेटिंग, मग सिस्टीम, मग अबाउट. तिथं प्रोसेसर आणि रॅम लिहिलेली दिसते. खोक्यावरचं आणि आतलं जुळतंय का, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

स्क्रीन 14 इंची असली तर पिशवीतून बैठकीला न्यायला सोपी. 15.6 इंची असली तर अक्षर मोठं दिसतं आणि बऱ्याचदा उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी बटणं मिळतात, हिशेबाला फार सोयीची. आम्ही तीच घेतली. चकचकीत काचेसारखी स्क्रीन घेऊ नका, ओसरीवर बसलं की आपलंच तोंड दिसतं. आणि लाजू नका. दुकानात खुर्ची ओढून बसा, दहा ओळी टाइप करून बघा. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच की.

बिल पक्कं घ्या, गटाच्या नावानं. त्यावर जीएसटी क्रमांक आणि लॅपटॉपचा सिरियल नंबर असला पाहिजे. वॉरंटीत माणूस घरी येतो की लॅपटॉप घेऊन आपल्याला जावं लागतं, आणि जायचं असेल तर हिंगोलीला की नांदेडला, हे विकत घेण्याआधी विचारा. वर्ड-एक्सेल कायमचं आहे की महिनाभराचं, तेही विचारा. ते घ्यायचं नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट मिळतं, त्यातही मराठी छान लिहिता येतं. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी आता ती पत्त्याची गोष्ट. सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातही एक पुसेगाव आहे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं. नुसतं पुसेगाव शोधलं की पुष्कळदा तेच पुढं येतं. म्हणून तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली आणि पिनकोड लिहिल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही. आणि खोकं आलं की उघडताना सुरुवातीपासून फोनवर व्हिडिओ काढायचा.

घरी आणल्यावर पहिलं काम मराठीचं. सेटिंगमध्ये भाषेच्या जागी मराठी जोडा. मग खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की इंग्रजीचं मराठी होतं. दोन पद्धती आहेत. उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची ती फोनेटिक, लगेच जमते. दुसरी इनस्क्रिप्ट. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. शिकायला दोन-तीन आठवडे लागतात, पण मग हात बघावा लागत नाही. एक सांभाळा. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर गेलं की भलतीच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे इथून मुंबईपर्यंत तेच दिसेल.

आपल्याकडची वीज, धूळ आणि ऊन कंपनीच्या पुस्तकात नसतं. लॅपटॉपचा चार्जर बहुतेक 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, पण वीज जाऊन एकदम आली की झटका बसतो. म्हणून चांगलं स्पाइक गार्ड लावा. वळवाचा पाऊस आणि कडकडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढा. बॅटरी आहे, काम थांबत नाही. हाच तर लॅपटॉपचा फायदा. सतत चार्जिंगवर ठेवत असाल तर बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती चालू करा. गोधडीवर, उशीवर ठेवून काम करू नका. खालच्या जाळीतून हवा घेतो तो, ती बंद झाली की तापतो. एक लाकडी पाट पुरतो. हळद दळायच्या आणि सोयाबीन काढायच्या दिवसांत मळणीयंत्राजवळ, गिरणीत न्यायचाच नाही.

आता त्या पत्ते खेळणाऱ्या ताईची गोष्ट.

पत्त्यांचा तो खेळ, सॉलिटेअर, 1990 साली विंडोजमध्ये आला. तेव्हा माऊस लोकांना नवा होता. पत्ता उचलायचा, ओढत न्यायचा, सोडायचा, असं करता करता मोठमोठ्या ऑफिसातल्या माणसांचाही हात बसला. आमच्या ताईचंही तेच झालं. आधी बाण स्क्रीनवर सैरावैरा पळायचा. पंधरा दिवस पत्ते खेळली आणि एका बैठकीत तिनं स्वतः एक्सेलचे रकाने ओढून बरोबर केले. कुणी शिकवलं नव्हतं.

पण मला आणखी एक वाटतं. खेळातून शिकायला मिळालं नसतं, तरी तिनं खेळायला काय हरकत होती? सागरगोटे, फुगडी, पंचमीचा झोका, हे सगळं आपण खेळलो. लग्न झालं आणि खेळ सुटला. पुरुष पारावर पत्ते खेळतात त्याला विरंगुळा म्हणतात. बाई दहा मिनिटं खेळली की तिला रिकामटेकडी म्हणतात. जात्यावर बसून दळता दळता गाणं म्हणणाऱ्या बायकांच्या आपण नाती. काम आणि मन रमवणं एकाच बैठकीत होतं, हे आपल्याला नवं नाही.

मुलींना बुद्धिबळ शिकवा. लिचेस नावाच्या संकेतस्थळावर फुकट खेळता येतं, जाहिरातीही नाहीत. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अंतिम फेरीत तिनं कोनेरू हंपीला हरवलं.

मात्र पैसे लावायचा खेळ आपल्या यंत्रात नको. रमी असो की आणखी काही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. तरी जाहिराती येतात, आधी जिंकवतात, मग खातं रिकामं होतं. असं काही घडलं, कुणी फसवून पैसे काढले, तर लाज न बाळगता ताबडतोब 1930 ला फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

शेवटी आमच्या गटाचे नियम सांगते. ठराव करून वहीत लिहिलेत, सगळ्यांच्या सह्या आहेत. एक. लॅपटॉपमध्ये दोन खाती. गटाच्या खात्याचा पासवर्ड फक्त दोघींकडं. मुलांसाठी साधं खातं, त्यातून पासवर्डाशिवाय मोठे बदल होत नाहीत. दोन. नवीन गेम किंवा ॲप बैठकीत विचारल्याशिवाय नाही, फुकटचा चोरीचा तर नाहीच. तीन. दर बैठकीनंतर हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या घरी. चार. लॅपटॉप महिन्या-महिन्यानं घर बदलतो, नेताना-आणताना वहीत सही. पाच. प्रत्येकीला आठवड्यात एक तास तिचा. त्या तासात ती हिशेब लिहील, नाहीतर पत्ते खेळेल. तिला कुणी विचारायचं नाही.

पाचव्या नियमावर सगळ्यात जास्त वाद झाला. "तासभर नुसतं खेळली तर?" असं एकीनं विचारलं. वयानं मोठ्या मावशी होत्या, त्यांना लिहिता येत नाही, त्या म्हणाल्या, "खेळू द्या की. हप्ता ती भरतीच ना?" ठराव तिथंच मंजूर झाला. त्या मावशी आता दर आठवड्याला त्यांच्या तासाला येतात. परवा त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं. त्यातला एक काना राहिला होता, तो त्यांनीच शोधून लावला.

मैत्रिणींनो, आमचा गट चाळीस हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवून दुकानात गेला होता, आणि तेवढ्यातच भागलं. तुमचा आकडा तुम्ही ठरवा. पण आधी यादी, मग नियम, आणि मग खरेदी. येत्या बैठकीत एवढं एक विचारा, आपल्या गटाचा लॅपटॉप या क्षणाला कुणाच्या मांडीवर आहे?