सर्वो मोटरचा डोळा



यंत्राच्या तारा कशा तपासाव्या, या विषयावर मी आज बोलणार आहें. विषय रुक्ष आहे खरा. परंतु याच तारांच्या चुकीनें माणसाचीं बोटें जाऊं शकतात, म्हणून आपण थोडा वेळ कान द्यावा अशी विनंति आहे.

‘सर्वो’ या शब्दाच्या मुळाशीं लॅटिन भाषेंतील ‘दास’ आहे. फ्रेंच इंजिनियर जोसेफ फार्को यांनीं जहाजाचें सुकाणूं वाफेच्या बळानें फिरविणाऱ्या आपल्या यंत्रावर १८७३ सालीं ग्रंथ लिहिला, त्यांत हें नांव वापरलें. आजची सर्वो मोटर दासच आहे. मात्र तिला डोळा असतो. तिच्या मागें बसविलेला एन्कोडर दांडा किती फिरला हें मोजून ‘ड्राइव्ह’ नांवाच्या पेटीस कळवितो. ड्राइव्ह तो आंकडा हुकुमाशीं ताडून पाहतो आणि तफावत कमी होईल अशा दिशेनें बळ लावतो. डोळ्याच्या तारा उलट जोडल्या कीं सगळेंच विपरीत होतें. मोटर उजवीकडे सरकली असतां ड्राइव्हास ती डावीकडे गेलीशी वाटते. म्हणून तो तिला आणखी उजवीकडे लोटतो. तफावत वाढते तसा जोर वाढतो.

हें सर्व मला पाठ होतें. तरी कांहीं वर्षांपूर्वीं भोसरीच्या एका लहान कारखान्यांत एका जुन्या मिलिंग यंत्राच्या डी. सी. मोटरला नवा ड्राइव्ह जोडतांना मींच चुकलों. एन्कोडरची केबल अपुरी पडली, म्हणून मध्यें दुसरी जोडली आणि रंगास रंग जुळविला. दोन्ही केबलींत रंगांचा अर्थ एकच असेल असें मीं गृहीत धरलें. मर्यादेचे स्विच जोडावयाचे राहिले होते. मालकांना घाई होती, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि होती. बटण दाबतांच टेबल सुसाट जाऊन टोकावर आदळलें, कपलिंग फुटलें. टेबलावरील शिकंजा पुसणारा शिकाऊ मुलगा नुकताच दुसरी चिंधी आणावयास वळला होता, एवढेंच.

त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे. वीज तोडून, ड्राइव्हमधील साठलेला दाब उतरूं देऊन, प्रत्येक तार मीटरनें या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतों. रंगावर विश्वास ठेवीत नाहीं. ए आणि तिची उलट तार एकाच पिळांत, बी आणि तिची उलट तार दुसऱ्या पिळांत असावी लागते. हे पिळ चुकले तर टेबलावर गणती बिनचूक येते, आणि शेजारच्या मोटर-केबलींतून जोराचा प्रवाह वाहूं लागला कीं आंकडे भरकटूं लागतात. असली चूक सांपडावयास दिवस जातात. एन्कोडरला ५ व्होल्ट लागत असतील तर ते केबलीच्या दूरच्या टोकाशीं मोजावे.

यानंतरची परीक्षा हातानें होते. मोटरची मुख्य केबल सोडलेली ठेवून केवळ ड्राइव्हचें वाचन चालू करतों, दांड्यावर खडूची रेघ ओढतों आणि तो सावकाश फिरवितों. चकतीवर २५०० रेघा असतील, तर एका फेऱ्यास १०,००० आंकडे आले पाहिजेत, कारण प्रत्येक रेघेमागें ए आणि बी मिळून चार कडा मोजल्या जातात. आंकडा एकानें पुढें-मागें होत राहिला, तर दोहोंपैकीं एक तार मुकी आहे. उलट घसरला, तर दिशा उलटी आहे. दहा फेरे पुढें, दहा मागें. रेघ जागेवर आली कीं आंकडाहि शून्यावर आला पाहिजे. ब्रश नसलेल्या मोटरमध्यें उलट तारांनीं बहुधा धांव येत नाहीं. मोटर झटका देऊन अडते आणि तापते. परीक्षा मात्र तीच.

पहिली वीज देतांना कपलिंग सोडलेलें, प्रवाहाची मर्यादा कमी, आणि एक हात लाल बटणावर असतो.

तो मुलगा आतां स्वतः यंत्रें जोडतो. परवां मीं जोडलेल्या मोटरच्या दहा फेऱ्यांची परीक्षा त्यानें, मला न विचारतां, पुन्हां घेतली. मीं खडू पुढें केला.