आधी खिंड घ्या



मी फौजेतला माणूस, निवृत्तीनंतर बंगळूरूत राहतो. इथे उलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचं केंद्र आहे. चालढकलीवर बोलायचं तर मला त्यांचीच एक कामगिरी आठवते.

1948 चा सप्टेंबर. लडाखच्या वाटेवरची जोजी ला खिंड शत्रूच्या हाती होती. पायदळाचे हल्ले फसले होते. बर्फ पडलं की लेहची वाट बंद होणार होती. जनरल थिमय्या कोडगूचे, बंगळूरूच्या बिशप कॉटन शाळेत शिकलेले. त्यांनी ठरवलं, खिंडीत रणगाडे न्यायचे. उंची सुमारे साडेअकरा हजार फूट, आणि वाट खेचरांपुरती!

म्हणजे सगळं अडलं होतं त्या वाटेपाशी. सॅपर्सनी आधी तीच रुंद केली. 1 नोव्हेंबरला 7 लाईट कॅव्हलरीचे रणगाडे खिंडीत शिरले. महिना संपायच्या आत कारगिल हाती आलं आणि लेहची वाट मोकळी झाली.

यातून मी एवढंच घेतो: अवघड काम म्हणजे सर्वात कष्टाचं काम नव्हे. ज्याच्यावाचून बाकीची कामं अडतात, ते अवघड काम. आपण नेमकं तेच टाळतो आणि कपाट आवरत बसतो. दिवसभर राबल्याचं समाधान मिळतं, खिंड मात्र तिथेच राहते.

माझ्या एका सहकाऱ्याने मृत्युपत्र 'पुढच्या महिन्यात' करायचं ठरवलं होतं. तो महिना आलाच नाही. वहिनी कागदपत्रांसाठी कितीतरी दिवस हेलपाटे घालत होत्या. खरं तर मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. काम तासाभराचं. जड असतो तो मरणाचा विचार. पुष्कळ कामांचं असंच असतं. कष्टापेक्षा धास्ती मोठी.

म्हणून रात्री झोपण्यापूर्वी एकच काम कागदावर लिहा. त्याखाली पहिलं पाऊल लिहा. 'मृत्युपत्र करणे' असं नको. 'बँकखात्यांची यादी काढणे' असं लिहा. सकाळी चहा झाला की फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पाऊण तास फक्त तेच करा. पेपर, व्हॉट्सॲप, बाजारहाट नंतर. पूर्ण नाही झालं तरी हरकत नाही, उद्या तिथूनच पुढे.

तुमची खिंड कोणती, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे ऐकताना जे काम मनात आलं, तेच. आज रात्री ते लिहून ठेवा.

जय हिंद!