पाठांतर झालं, पण पेशंट समोर आला तर?



आमचा बचत गट शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज देतो. आता लेकींच्या नर्सिंगच्या फीसाठीही मागणी येते. अशाच एका कर्जावरून आमच्या बैठकीत वाद झाला. एका ताईंची मुलगी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला शरीरशास्त्रात नापास झाली. हप्ते चालू होते, आणि पुढचं कर्ज द्यावं की नाही, असा प्रश्न होता.

आम्ही मुलीलाच बैठकीला बोलावलं. ती म्हणाली, "मावशी, बारावीपर्यंत मराठीत शिकले. इथं पुस्तक इंग्रजी. झेरॉक्स नोट्स घोकल्या, पण प्रश्न फिरवून आला की काही सुचत नाही." मग तिनं एका बाईंच्या तासाबद्दल सांगितलं. त्या आधी धडा शिकवत नाहीत, आधी पेशंट मांडतात.

या पद्धतीला समस्याधारित अध्ययन म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली डॉक्टरकीच्या शिक्षणात ती सुरू झाली, आणि पुढे नर्सिंगमध्येही आली. एक उदाहरण घेऊ. दोन वर्षांचं, दहा किलोचं मूल आहे. कालपासून जुलाब होताहेत. डोळे खोल गेलेत, चिडचिड करतंय, पाणी दिलं की अधाशासारखं पितंय. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते. आता काय करायचं?

आठ-दहा मुली गोल बसतात. एक बैठक चालवते, एक लिहून घेते. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, याची यादी होते. न कळलेले प्रश्न वाटून घेतात, वाचून येतात आणि एकमेकींना समजावतात. बाई उत्तर देत नाहीत, वाट चुकली तर विचारतात. आम्हाला हसू आलं. अध्यक्ष, सचिव, इतिवृत्त, ही तर आपल्या गटाचीच बैठक!

त्या मुलाच्या निमित्तानं मुली शोधतात, की ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर का? तर साखरेमुळे आतडं मीठ शोषून घेतं आणि त्यामागून पाणीही शरीरात जातं. अशा मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७५० मिलिलिटर ओआरएस घोट घोट पाजायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. १४ दिवस झिंक द्यायचं. मूल सुस्त पडलं, पिईनासं झालं, तर लगेच दवाखाना गाठायचा. असा धडा शिकलेली मुलगी जन्मभर विसरत नाही.

पण खरं ते सांगायला हवं. या पद्धतीनं लेखी परीक्षेत मार्कांचा पाऊस पडतो, असं नाही. १९९३ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचे दोन मोठे आढावे निघाले. पेशंट हाताळण्यात ही मुलं सरस ठरली, पण मूलभूत विषयांच्या लेखी परीक्षेत कधी कधी थोडी मागे राहिली. म्हणून दोन्ही हवं. नावं, डोस, आकडे पाठच हवेत, आणि ते का, हेही कळायला हवं.

आम्ही कर्ज दिलं. अट एकच घातली. एकटीनं घोकायचं नाही. तिनं हॉस्टेलवर सहा जणींचा गट केला. रोज एक पेशंट घ्यायचा, आधी मराठीत बोलून समजून घ्यायचं, मग इंग्रजी शब्द लिहायचे. फेरपरीक्षेत ती पास झाली. मार्क बेताचेच पडले. पण वॉर्डात सिस्टरांनी विचारलं की आता तिची मान खाली जात नाही, असं ती सांगते.

तेव्हा मैत्रिणींनो, लेक मैत्रिणींबरोबर अभ्यासाला बसली तर "गप्पा मारताय" म्हणून उठवू नका. तिला विचारा, "आज कोणता पेशंट होता? मला सांग बघू." आपल्याला समजेल असं तिला सांगता आलं, तर तिला धडा कळला असं समजा. आणि एखाद्या विषयात लेक राहिली, म्हणून तिचं शिक्षण थांबवू नका. उद्या आपल्याच नातवंडाच्या उशाशी तीच उभी असणार आहे.